साच्याला पाडलेलं भोक

सळई बोटांत फिरवली की तिच्या टोकावर खिडकीतला उजेड बारीक ठिपका होऊन बसायचा, आणि सळई फिरत असताना तो ठिपका जागचा हलला नाही म्हणजे सळई सरळ आहे असं समजायचं – हे आपल्याला बापानं शिकवलं की गिरणीतल्या कुणी, ते आर्डिथला आता आठवत नव्हतं. ठिपका हलला नाही. सळई बोटाच्या दोन पेरांएवढी, टोकाशी निमुळती, आणि ते टोक तिनं घासून घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की शिशाला धरून राहायला कुठे जागाच राहू नये. एवढीशी वस्तू. हातात आहे की नाही तेही कळू नये... आणि हिच्यावर मी एका माणसाचा जीव टांगलाय, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं सळई पटकन फडक्यावर ठेवून दिली.

लेकीचं, रोवेनाचं, दुसरं लग्न झालं त्या वर्षाचा हा सप्टेंबर. ते लग्न जूनमध्ये गावच्या सभागृहात लागलं होतं, आणि आर्डिथचा नवरा लाइल लेकीबरोबर अर्धाच नाच नाचून भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसला होता. बूट चावतोय, म्हणाला. पाहुणे हसले. बूट जुने होते, पायाच्या आकाराचे झालेले. आदल्या दिवशी आर्डिथनंच त्यांना चरबी चोळली होती. तिनं त्याच्या निळसर पडलेल्या ओठांकडे पाहिलं. मग केक कापायला हाक आली, म्हणून ती उठली.

तसेच निळे ओठ तिनं मागच्या ऑक्टोबरातही पाहिले होते. छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवल्यापासून लुइस्टनच्या डॉक्टरनं लाइलला दणका देणारी बंदूक खांद्याला लावायची मनाई केली होती. डोंगरावरही जाऊ नका म्हणाला होता, पण ते लाइलला ऐकू आलं नव्हतं. दणक्याचं तेवढं ऐकू आलं. म्हणून त्यानं आर्डिथच्या बापाची जुनी रायफल बाहेर काढली. तिची नळी झिजून इतकी रुंद झालेली की दुकानातली कुठलीच गोळी तिला बसत नाही; बसते ती फक्त बापानं स्वतःच्या हातानं कोरलेल्या लोखंडी साच्यातून ओतलेली. काडतुसात बंदुकीची दारू कमी भरली की ती रायफल खांद्याला नुसती ढकलते, लाथ मारत नाही. पण दारू कमी म्हणजे गोळी सावकाश, आणि सावकाश जाणारी भरीव गोळी कापडातून सुई जावी तशी एल्कच्या अंगातून आरपार जाते. घोड्याएवढं ते सांबर. मागच्या ऑक्टोबरात लाइलची गोळी अशीच एकाच्या आरपार गेली. ते उभं राहिलं, मान वळवून लाइलकडे बघितलं, आणि चालायला लागलं, जणू कुणी हाक मारली म्हणून थांबलं होतं आणि आपल्याला नव्हे असं कळल्यावर निघालं...

आणि आमच्या डोंगरात जखमी जनावर मागे टाकून कुणी घरी येत नाही. जो येतो त्यानं पुढे कुणाच्या चुलीशी बसून शिकारीची गोष्ट सांगू नये. लाइल रक्ताच्या थेंबांमागे चढत राहिला. शेजारचा फेंटन त्याला शोधायला गेला तेव्हा तो पडलेल्या झाडावर बसला होता, टोपी मांडीवर, आणि एवढंच म्हणाला, "ते वर आहे रे कुठेतरी." मग हिवाळाभर तेच. जेवता जेवता घास हातात थांबायचा – "ते वर आहे." बर्फ वितळल्यावर कड्यापाशी डोमकावळे घिरट्या घालू लागले तेव्हा तो अंगणात उभा राहून बघत राहिला, आणि आर्डिथनं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

या ऑगस्टमध्ये त्यानं साचा तिच्यासमोर ठेवला. गोळीच्या टोकाला खळगा पाडणारा करून दे, म्हणाला; म्हणजे साच्याला खालून भोक पाडायचं आणि त्यातून आत जाणारी सळई बसवायची. खळगा असला की गोळी सावकाश गेली तरी आत फुलासारखी उमलते, जनावर उभ्या जागी बसतं. बसलं म्हणजे मागे चढायचं नाही. मागे चढायचं नाही म्हणजे... हा हिशेब त्यानं बोलून दाखवला नाही आणि तिनंही नाही, पण दोघांनी तो एकाच वेळी केला होता.

त्याचे हात आता थरथरतात. तिचे नाहीत. आरा गिरणीत करवतींना धार लावायच्या खोलीत तिनं उभा जन्म काढला होता. केसाएवढा फरक तिला अंगठ्याला कळायचा. तिनं हो म्हटलं. 'जाऊ नकोस' असं म्हणायचं होतं, म्हणून हो म्हटलं.

कारण ते दुसरं वाक्य तिला म्हणता येत नव्हतं. लाकूडतोड्याच्या बायकोनं दारातून 'जाऊ नकोस' म्हणायचं नाही – म्हटलं की त्या दिवशी झाड अंगावर येतं. इथल्या प्रत्येक घरात ते पाळलं जातं. आर्डिथच्या आईनं पाळलं, आणि आर्डिथनं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. वारा सुटलेला असताना, उतारावर बर्फ गोठलेलं असताना, लाइलच्या जोडीदाराला फांदीनं मारलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी – ती डबा हातात द्यायची आणि म्हणायची, "टोपी घेतलीस?" 'टोपी घेतलीस' याचा त्या घरातला अर्थ 'जाऊ नकोस' असाच होता. पण तो अर्थ लाइलला कधी कळला का? विचारायचं राहून गेलं. सगळंच विचारायचं राहून गेलं...

"झालं का गं?"

लाइल शेडच्या दारात उभा होता, हातात कॉफीचा मग, मगातली कॉफी बारीक हिंदकळत.

"नाही झालं. आणि दारात उभा राहू नकोस, उजेड अडतोय."

"उभा जन्म करवतींना धार लावलीस आणि एक भोक पाडायला सकाळ घालवतेस?"

"तू उभा जन्म झाडं पाडलीस, तरी आपल्या अंगणातलं पाडलंस ते कोंबड्यांच्या खुराड्यावर."

"कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या."

"मीही झालेय. सर बाजूला."

तो हसला, सरला नाही. साच्याकडे बघत होता. लेथवर चढवण्याआधी ती साचा पुसत होती, दोन अर्धे भाग एकमेकांवर मिटलेले, वर ती छोटी पट्टी, जिच्या भोकातून शिसं आत ओततात. लाइल म्हणाला, "तुझा बाप असता तर?"

"तर काय?"

"भोक पाडू दिलं असतं का?"

"त्यानं तुला माझ्याशी लग्न करू दिलं. त्याचा काही भरवसा नव्हता."

लाइल मोठ्यानं हसला, आणि हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत दोघंही दुसरीकडे बघत राहिली. "फेंटन दुपारी येतोय," तो जाता जाता म्हणाला. "तोवर पाच-दहा गोळ्या तरी ओतून ठेव. कागदावर मारून बघू."

तो गेल्यावर शेडमध्ये उजेड परत आला.

आता मध्य धरायचा. बाप सांगायचा – साच्याचा मध्य त्याच्या पोकळीत असतो. वरची पट्टी काढून टाकायची, पोकळीत नेमक्या जाडीची खुंटी आवळायची आणि त्या खुंटीवर साचा लेथला धरायचा. पट्टीच्या भोकावरून मध्य कधी धरू नये. पट्टी एका स्क्रूवर फिरते, तिचं भोक साधारण मध्यावर असतं, अगदी मध्यावर कधीच नाही. शिसं ओतायला साधारण पुरतं. भोक पाडायला पुरत नाही. हे तिनं बापाच्या कोटाच्या खिशाएवढ्या उंचीची असताना ऐकलं होतं आणि पुढे गिरणीतल्या नव्या पोरींना कितीदा तरी, दुसऱ्याच कुठल्या यंत्राच्या संदर्भात, ऐकवलं होतं.

खुंटी करायला वेळ लागतो. फेंटन दुपारी यायचा होता. पट्टीच्या भोकात बसेल अशी जुनी खुंटी खणात होती...

खणात होती, आणि तिनं ती घेतली. एवढंच. नंतर कितीही आठवून पाहिलं तरी तिला त्या क्षणात याहून जास्त काही सापडलं नाही. हात खणाकडे गेला, खुंटी उचलली, पट्टीच्या भोकात बसवली. मन कुठे होतं? मन त्या वेळी डोंगरावर होतं. ती त्याला चढताना बघत होती, पाठमोरा, आणि तो वळून बघेना. लेथ घुमायला लागला, लोखंडाचे बारीक वेटोळे निघून खाली पडायला लागले, आणि बापाच्या साच्यात, जो बापानं दोन हिवाळे खपून कोरला होता, खालून भोक पडलं. भोक पडताना आवाज जराही बदलला नाही. चुकीच्या जागी पडणाऱ्या भोकाचा आवाज वेगळा यायला हवा होता. निदान मला तरी कळायला हवा होता.

शिसं वितळलं, त्यात थोडं कथील घातलं, साचा तापवला. पहिल्या दोन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या परत भांड्यात. मग एक चांगली निघाली. तिनं सळई मागे ओढली, साचा उघडला, गोळी फडक्यावर पडली – चकचकीत, टोकाला काळा खळगा. ती निवेपर्यंत आर्डिथ तिच्याकडे बघत राहिली. मग उचलून खिडकीशी नेली आणि खळग्याची कड पाहिली, आणि कड एका बाजूला जाड होती आणि एका बाजूला पातळ, एका बाजूनं चाटून झिजवलेल्या बशीसारखी.

तिला लगेच कळलं. पट्टी... पट्टीच्या भोकावरून धरलं मी.

अंगातून काहीतरी सरकन गेलं. ती भीती असेल असं तिला आधी वाटलं. मग लाज असेल असं वाटलं, बापाची. पण ते गरम होतं, आणि पोटात गेल्यावर तिथेच बसलं, थंडीत सूप प्यावं तसं. तिनं ते ओळखलं आणि ओळखल्याबरोबर पुढची गोळी ओतायला घेतली. ती ओतत राहिली. एकसारख्या वाकड्या गोळ्या, ओळीनं. सांगता येत होतं की – दारातून हाक मारून म्हणायचं, लाइल, चुकलं, फेंटनला उद्या यायला सांग. चूक सुधारण्यासारखी होती. भोक मोठं करायचं, या वेळी पोकळीवरून मध्य धरून, आणि जाड सळई घालायची. हंगामाला अजून पुष्कळ दिवस होते.

तिनं हाक मारली नाही.

फेंटन आला तो पिकअपमधून उतरायच्या आधीच बोलत होता. धिप्पाड, बायको वारल्यापासून जेवणाच्या वेळा साधून येणारा माणूस. "आर्डिथ, हकलबेरीची फळं भरून गोड पाय भाजलीस असं वाटेत वास सांगत होता."

"वासाला सांग, कालच संपली."

"म्हाताऱ्यानं खाल्ली?"

"म्हाताऱ्याला गोड मना आहे," लाइल आतून ओरडला, "म्हणून तिनं मला अंधारात दिली."

तिघं कोठाराच्या मागे गेली. चढावरची टॅमरॅकची झाडं शेंड्यांशी पिवळी पडायला लागली होती. फेंटननं ओंडक्याला कागद ठोकला. लाइलनं कुंपणाच्या आडव्या वाशावर घोंगडी घालून रायफल टेकवली, गाल लावला, आणि त्याचा हात थांबला – तो हात, जो कॉफीचा मग स्थिर धरू शकत नव्हता. आर्डिथनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आत्ता बोलावं, आत्ता तरी...

बार झाला. मग दुसरा. मग आणखी काही. फेंटन कागद काढून आणायला गेला आणि तिथेच उभा राहिला.

"काय झालं?" लाइल ओरडला. "कागदाला लागलंच नाही का?"

"लागलंय. तू येऊन बघ."

गोळीनं कागदाला गोल भोक पडायला हवं. कागदावर लांबट फटी होत्या, एक इथे, एक तिथे, गोळ्या डुलत डुलत, कुशीवर होऊन गेलेल्या. फेंटन कागदाच्या आरपार डोंगराकडे बघत म्हणाला, "अशी गोळी एल्कच्या पोटात मारलीस तर त्याच्यामागे कॅनडात जावं लागेल."

 लाइलनं खिशातून उरलेली गोळी काढली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि करंगळीचं नख खळग्याच्या कडेवरून हळूहळू फिरवलं. सबंध वेढा. मग परत एकदा. आर्डिथ त्याच्या नखाकडे बघत होती. पातळ बाजूला आल्यावर ते जरासं थबकलं. चाळीस हिवाळे त्यानं तिच्या बापाच्या शेजारी बसून गोळ्या ओतल्या होत्या. पट्टीच्या भोकाची ती ताकीद त्यानंही ऐकली होती, तिच्याहून जास्त वेळा.

त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"तुझ्या बापाच्या साच्याला भोक मानवलं नाही," तो म्हणाला.

"माझी घेऊन जा," फेंटन म्हणाला. "माझ्या रायफलीला काय, दुकानात हव्या तेवढ्या गोळ्या मिळतात."

"तुझी तोफ माझं यंत्र बंद पाडेल, आणि मग तू आर्डिथच्या हकलबेरीवर रोज हक्क सांगशील."

"भरीव गोळ्या आहेत ना मागच्या वर्षीच्या?"

"त्या मी परत जनावरावर नाही झाडणार," लाइल म्हणाला. आवाज साधाच होता. "जाऊ दे. यंदा राहिलं."

यंदा राहिलं. एवढ्या सहज? ज्या माणसानं बोट तुटलं तेव्हा ते रुमालात बांधून दुपारपर्यंत झाडं पाडली, तो एका वाकड्या खळग्यापाशी थांबतो? आर्डिथ वाट बघत राहिली. तो म्हणेल, भोक मोठं करून जाड सळई घाल. ती हो म्हणेल. तिनं ठरवलंसुद्धा होतं की त्यानं म्हटलं तर आपण हो म्हणायचं, आणि या वेळी खुंटी नीट करायची, आणि मग तो जाईल आणि आपण टोपी घेतलीस का म्हणून विचारायचं. त्यानं म्हणायचा अवकाश. त्याला तो उपाय माहीत होता. तिला माहीत होता. आणि त्याला माहीत होतं की तिला माहीत आहे... फेंटन त्याच्या गाडीतल्या बिघाडाबद्दल बोलत होता. लाइल वाकून रिकामी काडतुसं गवतातून वेचत होता, एक एक, आणि सरळ उभं राहताना त्यानं कुंपणाला धरलं.

संध्याकाळी तिनं बटाटे आणि हरणाचं मांस शिजवलं. लाइलनं टेबलावर वर्तमानपत्र पसरून रायफल साफ केली, नळीतून फडकं ओढलं, लाकडाला तेल चोळलं – इतकं सावकाश की जणू ती कुणाची तरी पाठ होती. मग ती पुसून त्यानं कपाटात उभी केली आणि जेवायला बसला.

"यंदा टॅमरॅक लवकर पिवळे झालेत," तो म्हणाला.

"हं."

"थंडी लवकर येणार."

"लाकडं आहेत पुरेशी."

तो जेवत राहिला. घास मध्येच थांबला नाही. मागच्या ऑक्टोबरापासून पहिल्यांदाच त्यानं डोंगरातल्या त्या जनावराचं नाव काढलं नाही, आणि तिला आधी बरं वाटलं. ती भांडी विसळायला उठली, पाण्यात हात घातले, आणि पाठीमागे त्याच्या काट्याचा बशीवरचा आवाज ऐकत राहिली. तो घरात होता. ती इतकी वर्षं दारात उभी राहून जे म्हणू शकली नव्हती ते तिच्या हातांनी म्हटलं होतं, आणि त्यानं ऐकलं होतं... की ऐकलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं? त्याला थांबायचंच होतं आणि मी कारण दिलं? की त्याला जायचं होतं, आणि म्हातारीनं शेवटी मागितलंच तर द्यावं, म्हणून त्यानं दिलं?

मी मागितलं का? तिनं स्वतःलाच विचारलं. हात खणाकडे गेला तेव्हा कुणी नेला? सकाळपासून ती याच्या अवतीभवती फिरत होती. आता थेट समोर उभी राहिली तरी पलीकडे काही दिसेना. मन डोंगरावर होतं, हात खणात होता. दोघांपैकी कोण खरं बोलतंय ते ठरवायला तिथे तिसरं कुणीच नव्हतं. आणि सकाळचं ते पोटातलं गरम आता निवलं होतं, निवून जड झालं होतं, शिशासारखंच, बसल्या जागचं उचलता न येण्यासारखं.

वळून एक शब्द बोलावा एवढंच काम होतं. लाइल, मी पट्टीवरून मध्य धरला. किंवा – लाइल, तुला जायचं आहे का? पाणी वाहत होतं. तिनं बशी विसळली, परत विसळली. पाठीमागे खुर्ची सरकली, तो उठला, तिच्या मागून जाताना त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमी ठेवायचा त्याहून थोडा जास्त वेळ, आणि बाहेरच्या खोलीत गेला. तो हात काय म्हणाला ते तिला कळलं नाही. माफ केलं म्हणाला असेल. थकलोय म्हणाला असेल. तिला पहिल्यांदाच असं वाटलं की या घरात आपण दोघांनी एक भाषा म्हणून जी इतकी वर्षं वापरली – टोपी, बूट, लाकडं, थंडी – ती प्रत्येकानं आपापल्या परीनं समजून घेतली, आणि आता नवी शिकायला उशीर झाला.

हंगाम सुरू झाला, संपला. लाइल कुंपणापर्यंत जायचा, डोंगराकडे बघायचा, परत यायचा. तिनं त्याला काही विचारलं नाही आणि त्यानं काही मागितलं नाही.

लाइल ओस्टबी पुढच्या जानेवारीत, महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, घरातच वारला.